सोळा वेळा ‘त्याने’

माझ्या आजीने आजोबांचा उल्लेख उभ्या आयुष्यात कधी ‘तो’ असा केला नाही. ‘त्यांनी’सुद्धा तिला जरा उद्धटच वाटायचं. ती म्हणायची ‘इकडून’. इकडून जेवण झालं, इकडून बोलणं झालं, इकडून रागावणं झालं. घरात सगळ्या क्रिया होत असत, करणारा मात्र कोणी नसे. एका दिशेने वारा यावा तशा त्या येत. नाव घ्यायचं ते फक्त उखाण्यात, तेही चार बायकांनी आग्रह केल्यावर, यमकात लपवून.

आजीची आठवण झाली ती भाषांतरापायी. गेल्या पावसाळ्यात अमेरिकेतल्या बायकांचा १८४८चा जाहीरनामा मराठीत आणावा असं मनात आलं. मजकूर अगदी लहान, दोनतीन छापील पानांचा. वाटलं, दोन दुपारी पुरतील. पण पहिल्याच तक्रारीच्या पहिल्याच शब्दाला अडले. तिथे इंग्रजीत ‘ही’ आहे, म्हणजे तो, पुरुष. (देवनागरीत लिहिला की हाच शब्द बाई होतो, ही गंमत त्या दुपारीच लक्षात आली.) आता याला मराठीत काय म्हणायचं? ‘त्यांनी’ म्हटलं तर आरोपीला पाटावर बसवून, पंख्याने वारा घालत आरोप केल्यासारखं होतं. आजीच्या मराठीत लिहिलं तर ‘इकडून मत द्यायला मना झालं’, म्हणजे सगळा दावाच निकालात. उरतो ‘त्याने’. तो लिहिला आणि वाचून पाहिला तेव्हा पहिल्यांदा कळलं, या बायकांनी केलं होतं काय.

आधी चहापासून सुरू करू. ९ जुलै १८४८, रविवार. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटर्लू गावी जेन हंट यांच्या घरी पाच बायका चहाला जमल्या. त्यांत फिलाडेल्फियाहून आलेल्या ल्युक्रेशिया मॉट होत्या, क्वेकर पंथाच्या नावाजलेल्या वक्त्या. आणि शेजारच्या सेनेका फॉल्स गावात वर्षभरापूर्वीच राहायला आलेल्या एलिझाबेथ केडी स्टँटन होत्या, वय ३२, पदरात तीन लहान मुलगे. दोघींची ओळख जुनी. १८४०मध्ये लंडनला गुलामगिरीविरोधी जागतिक परिषद भरली, तेव्हा बायकांना प्रतिनिधी म्हणून बसू द्यायचं नाही असं ठरलं. जगातल्या गुलामांना मोकळं करायला निघालेल्या त्या सभेने बायकांची जागा बाजूला, आडोशामागे लावली. त्या दिवसाचं देणं वॉटर्लूच्या चहाच्या टेबलावर चुकतं करायचं ठरलं. दोनच दिवसांनी स्थानिक वर्तमानपत्रात बायकांच्या हक्कांसाठीच्या सभेची चारदोन ओळींची जाहिरात आली. पुढच्या रविवारी त्या पाचजणींतल्याच मॅक्लिंटॉकबाईंच्या दिवाणखान्यातल्या एका गोल टेबलाभोवती बसून जाहीरनाम्याचा मसुदा तयार झाला. ते टेबल आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. त्यावर लिहिलेलं मूळ हस्तलिखित मात्र हरवलं. फर्निचर जपलं गेलं आणि कागद गेला, यावर काय बोलायचं!

सभा १९ आणि २० जुलैला सेनेका फॉल्सच्या वेस्लियन चॅपलमध्ये झाली. पहिल्या दिवशी मंडळी पोचली तर चॅपलला कुलूप. मग एका मुलाला खिडकीतून आत सोडलं आणि त्याने आतून दार उघडलं. याच चॅपलचं पुढे नाट्यगृह झालं, गॅरेज झालं आणि शेवटी तिथे कपडे धुण्याची यंत्रं बसली. १९८०च्या सुमारास सरकारने स्मारक करायला घेतलं तेव्हा बायकांच्या हक्कांच्या त्या जन्मस्थानी गावाची धुणी धुतली जात होती. कादंबरीत कोणी असं लिहिलं असतं तर आपण म्हटलं असतं, जरा अति होतंय.

आता मजकुराकडे. या बायकांना वाङ्मयीन प्रश्न पडला होता तो असा: तक्रार कोणत्या सुरात करायची? रडगाणं झालं तर कीव येईल, भांडण झालं तर हसतील, आणि प्रवचन झालं तर झोपतील. त्यांनी वेगवेगळे नमुने चाळून पाहिले, एकही पसंत पडेना. शेवटी १७७६चा अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मोठ्याने वाचला आणि तीच चाल उचलली. दर चार जुलैला गावोगाव हा जाहीरनामा चौकात वाचला जाई. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही त्याचा ठेका पाठ होता. आपल्याकडे आरतीच्या चालीवर कोणी नवे शब्द म्हणू लागलं तर पहिल्या ओळीलाच कान टवकारतात, तसं हे. मराठीत विडंबन म्हटलं की अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आठवतात आणि ओठ आपोआप हसायच्या तयारीत येतात. इथे विडंबनाची सगळी सामग्री आहे, फक्त हसू नाही. मूळ रचनेला चिमटासुद्धा काढलेला नाही. उलट मूळ रचना पूर्ण गांभीर्याने घेतली आहे, तिच्या लेखकांनी घेतली होती त्याहून जास्त.

सर्व माणसं समान जन्माला येतात हे तत्त्व १७७६च्या मजकुरात आहे. इथे त्यात इंग्रजी दोनच शब्द वाढवले: आणि बायका. बस्स. आता गंमत बघा. वाचणारा म्हणेल, पुरुषवाचक शब्दात बायका आल्याच की, वेगळं कशाला सांगायचं? असं म्हटलं की तो अडकला. आल्याच असतील तर मत द्या. आल्या नसतील तर तुमचं ‘सर्व’ खोटं. दोन शब्दांची ही पाचर एकदा मारली की मूळ वाक्य पुन्हा पहिल्यासारखं मिटत नाही. इंग्रजीत माणूस आणि पुरुष यांना एकच शब्द असल्यामुळे हा डाव तिथे विशेष रंगतो. मराठीत तो थोडा हुकतो, कारण आपण ‘माणूस’ वेगळा ठेवला आहे. अर्थात ‘बाईमाणूस’ असं आपण म्हणतो आणि ‘पुरुषमाणूस’ बहुधा कौतुकानेच म्हणतो, हेही खरं.

दुसरा बदल याहून बारीक आहे आणि माझ्या मते जास्त खोल. १७७६चा जाहीरनामा ही काडीमोडाची नोटीस आहे. एक जनसमूह दुसऱ्याशी असलेले राजकीय बंध तोडतो आणि समुद्रापलीकडच्या राजाला सांगतो, तुझा आमचा संबंध संपला. बायकांना हे म्हणता येत नाही. आरोपी समुद्रापलीकडे नाही, पलीकडच्या खोलीत आहे. संध्याकाळी सभेहून परत जायचं आहे त्याच्याच घरी, दिवा लावायचा आहे, मुलांना जेवू घालायचं आहे. म्हणून प्रास्ताविकाच्या त्या वाक्यातून बंध तोडण्याची भाषा अलगद काढून घेतली आहे. मानवकुटुंबातल्या एका भागाला आजवरच्या जागेपेक्षा वेगळी जागा घेणं भाग पडतं, एवढंच म्हटलं आहे. एवढं खणखणीत वाक्य त्यातलं मुख्य क्रियापद गेल्यावर किती अवघडून उभं राहतं, ते मुळाशेजारी ठेवून वाचावं. मला ते अवघडलेपण दोष वाटत नाही. वाटणी मागायची नाही, घर सोडायचं नाही आणि तरी घरातली जागा बदलून मागायची, हे कोणत्याही भाषेत अवघडूनच बोललं जाईल.

आणि मग सुरू होतात ती गाऱ्हाणी. १७७६मध्ये राजा तिसऱ्या जॉर्जवरचा आरोप दर वेळी ‘त्याने’ म्हणूनच सुरू होतो. अठरा वेळा. स्टँटनबाईंनी पुढे लिहून ठेवलं आहे की त्यांनाही अठरा हा आकडा गाठायचा होता, आणि त्यासाठी कायद्याची पुस्तकं, चर्चचे नियम, समाजाच्या चालीरीती धुंडाळल्या. एका तरुणाने तेव्हा टोमणा मारला होता, तो असा, की गाऱ्हाणी हुडकायला ज्यांना पुस्तकं उघडावी लागतात त्यांची गाऱ्हाणी फारच मोठी असली पाहिजेत. टोमण्यात तथ्य आहे. त्याला कळलं नाही ते इतकंच, की रोजचा जाच पुस्तकात लिहिलेला सापडतो, तेव्हा तो एका नवऱ्याचा स्वभाव राहत नाही. तो बंदोबस्त असतो.

मी मोजले तेव्हा सोळा परिच्छेद भरले. प्रत्येकाचा कणा ‘त्याने’. काहींत दोनदोन गाऱ्हाणी कोंबली आहेत, त्यामुळे बेरीज हवी तशी करता येते. मला त्यांच्या क्रियापदांत रस आहे. दिलं नाही, भाग पाडलं, रोखून धरलं, घेतलं, नाकारलं, बळकावलं. इंग्रजीत हा कर्ता वाक्याच्या तोंडाशी पाय रोवून उभा असतो. मराठीत इथेच पंचाईत होते. ‘त्याने’ म्हटलं की क्रियापद त्याच्याकडे बघतच नाही. त्याने हक्क दिला नाही, त्याने मिळकत घेतली, त्याने तिला भाग पाडलं. एकदा ते हक्कासारखं वळतं, एकदा मिळकतीसारखं, एकदा कोणासारखंच नाही. कर्मणी आणि भावे प्रयोगांत कर्ता असा नामानिराळा राहतो. आजीच्या ‘इकडून’पर्यंत पोचायला मग एकच पायरी उरते. शिवाय ‘त्याने’चा दुसरा अर्थही मराठीत तयारच बसलेला असतो. त्याने काय होतंय? त्याने काय बिघडलं? हे गाऱ्हाणं चार पुरुषांपुढे मांडलं असतं तर उत्तर बहुधा याच शब्दाने सुरू झालं असतं.

आणखी एक. सोळांपैकी दोन ठिकाणी ही माळ काळ बदलते. पैसा आणि नावलौकिक यांच्या वाटा तो बंद ‘करतो’, चर्चमध्ये तिला दुय्यम जागाच ‘देतो’. बाकी सगळं केलेलं आहे, हे दोन चालू आहे. मुद्दाम केलं की लिहिण्याच्या ओघात झालं, सांगता येत नाही. पण मोठ्याने वाचताना त्या जागी पाऊल किंचित चुकतं, आणि आपण मान वर करून बघतो, दार अजून लावलं जातंय का.

क्रमाकडे बघण्यासारखं आहे. सुरुवात मताच्या हक्कापासून आहे. मग कायदे पाळायचे पण ते करताना तोंड उघडायचं नाही, ही तक्रार. त्यानंतर पहिला हक्कच नसल्यामुळे ती सगळीकडून दबली गेली, असं एक बिजागरीसारखं वाक्य येतं आणि दार घराच्या आत उघडतं. लग्न झालेली बाई कायद्याच्या लेखी मेलेली आहे. ब्लॅकस्टोनच्या इंग्रजी कायद्यावरच्या ग्रंथात नवराबायको मिळून एक व्यक्ती मानली होती, आणि ती एक म्हणजे अर्थातच नवरा. मग मालमत्ता, आणि तिने कमावलेली मजुरीसुद्धा. न्यूयॉर्कने त्याच वर्षी एप्रिलमध्ये लग्न झालेल्या बाईच्या मालमत्तेचा कायदा केला होता, पण स्वतःच्या मजुरीवर तिचा हक्क मान्य व्हायला १८६० उजाडलं. म्हणून या गाऱ्हाण्यात ‘मजुरीसुद्धा’ यातल्या ‘सुद्धा’ला सगळं वजन आहे. बापाकडून आलेली शेतं फार थोड्या जणींची. शिवणकामाचे दोन पैसे कितीजणींचे!

सगळ्यांत विलक्षण वाटतं ते सातवं. त्यात तक्रार अशी: त्याने तिला नैतिकदृष्ट्या बेजबाबदार करून टाकलं आहे, कारण नवऱ्याच्या देखत केलेल्या कित्येक गुन्ह्यांची तिला शिक्षाच होत नाही. त्या काळच्या कायद्यात खरंच असं गृहीतक होतं. बायकोने नवऱ्यासमोर गुन्हा केला तर तो त्याच्या धाकाने केला असं मानत आणि पुष्कळदा तिला सोडून देत. आता सांगा, सूट मिळते म्हणून गाऱ्हाणं करणारा फिर्यादी कोणी पाहिला आहे? बाकी सगळ्या जागी त्या काहीतरी मागताहेत, मत, मजुरी, मूल, शिक्षण. इथे त्या शिक्षा मागताहेत. माझा गुन्हा माझ्या नावावर टाका. या एका परिच्छेदामुळे साऱ्या जाहीरनाम्याचा दर्जा बदलतो. सवलती मागणाऱ्या अर्जांची रद्दी जगात पुष्कळ आहे, सवलत परत करणारा अर्ज मी हा एकच पाहिला. आणि याच परिच्छेदाच्या पोटात आज्ञापालनाची शपथ येते, नवऱ्याला मिळालेला मारझोडीचा अधिकार येतो. स्टँटनबाईंनी १८४०मध्ये स्वतःच्या लग्नात आज्ञा पाळण्याचा शब्द विधीतून काढायला लावला होता. तेव्हा हे वाक्य लिहिताना त्यांना पुस्तक उघडावं लागलं नसणार.

पुस्तकं त्यांनी लहानपणीच पाहिली होती. वडील न्यायाधीश, घराला लागून कचेरी. तिथे रडत येणाऱ्या बायकांना, कायदाच असा आहे, असं सांगितलं जाई. तेव्हा या मुलीने ठरवलं की ती पानं कात्रीने कापून टाकायची. वडिलांनी समजावलं, एवढ्याने कायदा जात नाही, मोठी झालीस की विधिमंडळात जाऊन बोल. कात्रीची गोष्ट त्यांच्या आत्मचरित्रात आहे. १८४८चा जाहीरनामा वाचताना मला ती कात्री दिसते. फक्त या खेपेला पान कापलेलं नाही, त्याची चौकट जपून ठेवली आहे आणि आतला मजकूर तेवढा बदलला आहे.

दोष आहेत, तेही सांगते. सगळी महाविद्यालयं बायकांना बंद आहेत असं एक विधान आहे. ते खरं नाही. ओहायोच्या ओबर्लिनने १८३७पासून बायकांना पदवीच्या वर्गात घेतलं होतं. ठेका साधण्याच्या भरात ‘बहुतेक’ गळलं. हा दोष किरकोळ. तिसरं गाऱ्हाणं मात्र खटकतं. अडाणी आणि खालावलेल्या पुरुषांना, मग ते इथले असोत की परके, जे हक्क आहेत ते हिला नाहीत, असा त्याचा रोख. समानतेच्या जाहीरनाम्यात ही शिडी कुठून आली? पायरीवर खाली उभा असलेला कोणी दाखवून वर चढू पाहणं आपल्या ओळखीचं आहे, त्याला भौगोलिक मर्यादा नाही. पुढे यादवी युद्धानंतर काळ्या पुरुषांना मताधिकार देण्याची घटनादुरुस्ती आली, तेव्हा स्टँटनबाईंची भाषा याच शिडीवरून आणखी खाली उतरली आणि १८६९मध्ये चळवळीचे दोन तुकडे पडले. त्या भांडणाचं बी इथे, दोन ओळींत, शिष्ट इंग्रजीत पेरलेलं दिसतं. आणि एक योगायोग, जो योगायोग नसावा: १७७६च्या जाहीरनाम्यातही असाच एक डाग आहे, शेवटच्या गाऱ्हाण्यात, मूळ रहिवाशांना रानटी ठरवणारा. चाल उचलताना तिच्यातला बेसूरही आला.

सेनेका फॉल्स हे गावच मुळात त्या रहिवाशांच्या भूमीवर वसलेलं. सेनेका हे त्यांच्यातल्याच एका जमातीचं नाव. त्यांच्या संघात कुळातल्या ज्येष्ठ बायका सरदार नेमत आणि नको झाला तर काढतही. मॉटबाई त्याच उन्हाळ्यात कॅटरॉगसच्या सेनेका वस्तीत राहून आल्या होत्या. हक्कांसाठी इंग्रज राजाविरुद्धचा मजकूर शोधून काढणाऱ्यांच्या उशाशीच हा दाखला होता, आणि मजकुरात त्याचा मागमूस नाही.

शेवटचं, सोळावं गाऱ्हाणं कायद्याच्या पुस्तकात सापडणारं नाही. तिचा स्वतःच्या ताकदीवरचा विश्वास मोडायचा, स्वतःविषयीचा आदर कमी करायचा आणि परावलंबी जिणं तिला आपखुशीने पत्करायला लावायचं, यासाठी त्याने होईल ते सगळं केलं. मतपेटीपासून निघालेली ही वाट बाहेरून आत येत येत मनापाशी येऊन थांबते. यातला ‘आपखुशी’चा उल्लेख मला फार धाडसाचा वाटतो. सभेत बसलेल्या बाईला तो सांगतो की तू राजी आहेस हे आम्हाला ठाऊक आहे, आणि तुझं राजी असणं हाच त्याच्यावरचा शेवटचा आरोप आहे. आजी तिथे बसली असती तर पदर सावरून उठून गेली असती. की बसून राहिली असती?

आता नाव. ‘डिक्लरेशन ऑफ सेंटिमेंट्स’. मी आधी ‘भावनांचा जाहीरनामा’ लिहिलं आणि लगेच खोडलं, ते वाढदिवसाच्या कार्डासारखं दिसत होतं. त्या काळी सेंटिमेंट म्हणजे विचारांती ठरलेलं मत. हे नाव गुलामगिरीविरोधी चळवळीतून आलेलं आहे. १८३३मध्ये फिलाडेल्फियात त्या चळवळीच्या राष्ट्रीय संस्थेने याच नावाचा जाहीरनामा काढला होता. मॉटबाई तिथे हजर होत्या, बोलल्या, मसुद्यातल्या शब्दांविषयी सूचनाही केल्या. सही मात्र कोणी त्यांना करायला सांगितली नाही. सहीला फक्त पुरुष. तेव्हा शीर्षक ‘मतांचा जाहीरनामा’ असं केलं, आणि माझ्याच भाषेने मला चकवलं. मराठीत मत म्हणजे विचार, आणि मत म्हणजे पेटीत पडतं तेही. जे सांगायला इंग्रजीत दोन शब्द आणि बारा ठराव लागले, ते आपल्याकडे एका दोन अक्षरी शब्दात नांदतं. बाईला मत आहे एवढं कबूल केलं की पुढचं सगळं आलंच. म्हणून तर ते कबूल करायला वेळ लागतो.

सभेतही घोडं तिथेच अडलं. बाकीचे ठराव एकमताने झाले. मताधिकाराचा नववा ठराव वाचल्यावर कुजबुज सुरू झाली. मॉटबाईंनी आधीच इशारा दिला होता की याने आपलं हसं होईल. स्टँटनबाईंचे यजमान, तसे पुढारलेले, या ठरावामुळे गाव सोडून गेले असं सांगतात. बाजू घेतली ती फ्रेडरिक डग्लस यांनी. दहाच वर्षांपूर्वी गुलामगिरीतून निसटलेला हा तरुण संपादक त्या सभेतला एकमेव काळा माणूस होता. काळी बाई एकही नव्हती. डग्लस यांच्या भाषणानंतर ठराव निसटत्या बहुमताने मंजूर झाला. पुढे सभेचा वृत्तांत छापला गेला तोही रोचेस्टरला त्यांच्याच ‘नॉर्थ स्टार’च्या छापखान्यात. हस्तलिखित गेलं, आपण वाचतो ते हेच छापील रूप.

समारोपाला १७७६चे पुढारी आपले प्राण, आपली संपत्ती आणि आपली इभ्रत पणाला लावतात. चाल इतकी इमानाने उचलणाऱ्या या बायका नेमक्या इथे चाल सोडतात. कितीदा वाचलं तरी माझ्या लक्षात आलं नव्हतं, भाषांतर करताना आलं. गहाण टाकायला यांच्याकडे होतं काय? संपत्ती नवऱ्याची, इभ्रत घराण्याची, आणि प्राण म्हणाल तर कायद्याच्या लेखी आधीच गेलेला. शपथेच्या जागी मग कामांची यादी येते: प्रचारक नेमू, पत्रकं वाटू, विधिमंडळांकडे अर्ज करू, धर्मपीठांना आणि वर्तमानपत्रांना हाताशी धरू, आणखी सभा भरवू. त्याआधी हेही सांगून टाकलं आहे की आपला विपर्यास होणार आणि टिंगल होणार, याची कल्पना आहे. लग्नघरातल्या कर्त्या बाईने भिंतीवर चिकटवलेली यादी वाटावी असा हा शेवट. वक्तृत्वाचा पारा उतरतो खरा. मला तो उतरलेलाच आवडतो.

टिंगल झालीच. ‘न्यूयॉर्क हेरल्ड’ने खिल्ली उडवण्यासाठी सगळा जाहीरनामा छापून टाकला. स्टँटनबाई खूश, एवढी फुकटची प्रसिद्धी कुठे मिळाली असती! सही केलेल्यांपैकी काहींनी मात्र नावं मागे घेतली.

चाळीस वर्षांनी, मार्च १८८८मध्ये, या सभेच्या स्मरणार्थ वॉशिंग्टनला स्त्रियांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली. सत्तरी ओलांडलेल्या स्टँटनबाई व्यासपीठावर होत्या, आणि बोलणाऱ्यांत पंडिता रमाबाई होत्या. १८८९मध्ये मुंबईत निघालेल्या त्यांच्या ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त’ या पुस्तकात अमेरिकन बायकांच्या स्थितीवर सविस्तर लिहिलेलं आहे. म्हणजे माझ्याआधी शंभराहून अधिक वर्षं, याच भाषेत, एका बाईने त्या बायकांचं काम मांडलं होतं. माझ्या भाषांतराची मिजास तिथे संपली.

उरल्या सह्या. एकूण शंभर, ६८ बायका आणि ३२ पुरुष. पुरुष वेगळ्या यादीत, खाली, चळवळीला पाठिंबा देणारे सद्गृहस्थ म्हणून. पहिलं नाव ल्युक्रेशिया मॉट, पंधरा वर्षांपूर्वी जिला सही मिळाली नव्हती ती. पाचवं युनिस न्यूटन फूट. या बाईंनी १८५६मध्ये प्रयोग करून दाखवलं की कार्बनिक आम्लवायू उन्हात साध्या हवेपेक्षा जास्त तापतो. तो निबंध विज्ञानपरिषदेत वाचला एका पुरुषाने. त्यांच्या यजमानांची, एलिशा फूट यांची, सही खालच्या यादीत आहे. या अडुसष्टांत एकीनेही मिसेस अमुक असं लिहिलेलं नाही. एका बाईचं नाव एक्स्पीरियन्स गिब्स, म्हणजे अनुभव गिब्स. ते मी भाषांतरात तसंच ठेवलं.

सदतिसावी शार्लट वुडवर्ड. विशीच्या आतली, घरी बसून हातमोजे शिवणारी, मजुरी मिळायची ती दुसऱ्याच्या हाती. घोडागाडीतून मैत्रिणींबरोबर आली होती. अमेरिकेच्या घटनेत बायकांचं मत आलं ते १९२०मध्ये, बहात्तर वर्षांनी, आणि तोवर सह्या करणाऱ्यांपैकी तेवढी हयात राहिल्याचं सांगतात. नव्वदी उलटलेली. निवडणुकीच्या दिवशी ती आजारी होती, मतदानाला जाता आलं नाही.